लाल दोऱ्याची गाठ

प्रिय घुम्या,

पार्सल मिळालं. मंगळवारी दुपारी आलं आणि आज दुसरा रविवार आहे. इतके दिवस साधी पोच का दिली नाही, असं तू विचारणार नाहीस, कारण तू कधीच काही विचारत नाहीस. म्हणून मीच सांगते. पहिला दीड दिवस मी त्या खोक्याकडे नुसती बघत होते. कुरियरवाल्याने सही मागितली तेव्हा मी त्याला पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचायला लावलं. शेवटी तो बिचारा म्हणाला, बाई, पत्ता तुमचा, खोकं तुमचं, आता मला जाऊ द्या. उघडलं तर आत तुझा बेस. तुझा एकुलता एक बेस गिटार. सोबत दोन ओळींची चिठ्ठी, की भाचीला पहिला बेस हवा आहे असं कळलं, हा माझ्याकडे नुसता पडून असतो, तिला दे. घुम्या, बसच्या प्रवासात या बेससाठी तू शेजारच्या सीटचं वेगळं तिकीट काढलं होतंस आणि आपल्या काकांना तीन तास उभं ठेवलं होतंस. असा माणूस एकाएकी एवढा उदार कधीपासून झाला? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

तू म्हणशील, अकरा वर्षांनी भावाने काही पाठवलं तर बहिणीने डोळे पुसावेत, आणि ही बाई भिंग काढून बसली. काय करू, धंदाच तसा आहे. दिवसभर लोकांची वाद्यं दुरुस्त करायची आणि दिवसभर थापा ऐकायच्या. हातातून गिटार पडली असं कबूल करणारं एकही गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. सगळ्यांच्या गिटारी आपोआप तडकतात. त्यात माझा मूळचा स्वभाव. तुझी भाची म्हणते, दूध उतू गेलं तरी आई दुधालाच विचारेल, तुला कोणी पाठवलं. तर या संशयाचीच गोष्ट आज तुला सांगायची आहे, आणि ती सुरुवातीपासून सांगते, कारण मधूनच सांगितली तर मला मधूनच पळून जायची सवय आहे.

सुरुवात भाचीच्या बेसपासून. तिच्या कॉलेजात चौघांनी मिळून ग्रुप काढला. दोन पोरं गिटारवरून भांडत होती, तिसऱ्याच्या घरी ड्रम होता, आणि बेस कुणालाच नको होता, कारण बेसवाल्याकडे कोणी बघत नाही. ही म्हणाली, मी घेते. त्यात मला तूच दिसलास, पण ते मी तिला बोलले नाही. तीन रविवार आम्ही बेस शोधत हिंडलो. काचेच्या दुकानातला तो पोपटासारखा बोलणारा विक्रेता तिच्या गळ्यात पाच तारांचा, बॅटरीवर चालणारा, चकचकीत बेस मारायला निघाला होता. मी तो उचलला, डोळ्यापाशी धरून नेकच्या लांब दांडीवरून नजर टाकली आणि त्याला विचारलं, हा नेक दुकानात आल्यावर वाकला की वाकलेलाच आला? तो म्हणाला, मॅडम, हा आता असाच असतो. मग आम्ही जुना घ्यायचा ठरवला. जाहिरात बघून एका गृहस्थाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो. ते म्हणाले, दोनदाच वाजवलाय. मी बेस उलटा केला तर पाठीवर पट्ट्याच्या बकलाने खरवडून लाकूड उघडं पडलेलं, आणि नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, फ्रेटवर, तारांच्या खाचा. मी म्हटलं, दोनदा वाजवून एवढ्या खाचा पडत असतील तर तुमच्या घरी सुरी लागत नसेल. वळून बघते तर कार्टी जिना उतरून खाली पोचलेली. तेव्हापासून ती माझ्याबरोबर बेस बघायला यायला तयार नाही.

आणि मग तिने तुला फोन करायला सुरुवात केली. मला चोरून, गॅलरीत जाऊन. अकरा वर्षांत तू आणि मी बोललो ते मोजून पाच-सहा वेळा, तेही प्रकृती आणि पत्ता एवढ्यापुरतं. पण मामा-भाचीचं गूळपीठ जमलं. मला राग नाही आला. राग यायच्या आधी संशय आला. कारण गॅलरीतून ती जी मतं घेऊन येत होती, ती तुझी नव्हतीच. ती म्हणायची, मामा म्हणतो छोट्या नेकचा बेस घे. मामा म्हणतो चौतीस इंची तार कशाला, तीस इंची घे, पहिल्या फ्रेटपाशी बोटं फार ताणावी लागत नाहीत. मामा म्हणतो तारा हलक्या लाव, मनगटाला त्रास होत नाही. अरे, छोट्या नेकच्या बेसला तू खेळणं म्हणायचास ना? कोणी दुकानात तसा हातात दिला तर, हा याच्या आईला नेऊन द्या, असं म्हणायचास. आणि भाचीचा आताचा हात तू पाहिलेला नाहीस. सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, बोटं तर अशी की वरच्या फळीवरचा डबा स्टूल न घेता काढते. तिला छोटा नेक कशाला?

एक दिवस ती म्हणाली, मामा म्हणतो की छोट्या बेसचा नेक मांडीवर ठेवला की खाली झुकतो, म्हणून पट्टा रुंद आणि आतून खरखरीत घे, म्हणजे खांद्यावरून सरकत नाही. तिथे मी कान टवकारले. ही ऐकीव माहिती नाही. त्यासाठी दुकानात उभं राहून तास-तासभर छोटे बेस वाजवून बघावे लागतात, एक नाही, चार-पाच. तू ते कोणासाठी वाजवून बघत होतास? भाचीने बेस घ्यायचं ठरवून जेमतेम महिना झाला होता. मला वाटलं, तू दुकानात नोकरी धरलीस की काय, आणि आता भाचीलाच गिऱ्हाईक करतोयस. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो असा होता.

बरोबर त्याच्या पुढच्या आठवड्यात खोकं आलं. भाचीला मी ते दाखवलंच नाही. तिला सांगितलं, कोणाची तरी सतार आहे, हात लावू नकोस. मग बाबांची पद्धत काढली. तुला आठवत असेल, वाद्य दुरुस्तीला आलं की हत्याराला हात लावायच्या आधी बाबा कार्ड लिहायचे. डाव्या बाजूला मालक काय म्हणाला ते, उजव्या बाजूला वाद्याकडे बघून काय दिसतं ते. जिथे दोन बाजू जुळत नाहीत तिथे लाल पेन्सिलीने गोल. आपण लहानपणी त्या गोलांना संशयाचे लाडू म्हणायचो. मी तुझं कार्ड लिहिलं. डावीकडे तुझं एकच वाक्य, पडून असतो. उजवीकडे बघ काय काय आलं.

पडून असलेल्या बेसवर नव्या कोऱ्या तारा कशा? आणि त्याही सगळ्यात बारीक? तू जाड, सपाट तारा लावायचास आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाहीस. एका संचावर सहा वर्षं काढली होतीस. पहिला गोल. तारा फ्रेटच्या इतक्या जवळ आणलेल्या, की मी एक सूर छेडला तर तार फ्रेटवर घासून करकरली. तू तारा उंच ठेवायचास, जोर लावून दाबायचास, आणि करकर ऐकली की जेवणातून उठायचास. दुसरा गोल. मग फ्रेट. पाचव्यापासून नवव्यापर्यंतचे फ्रेट घासून लखलखीत, म्हणजे बेस रोज वाजत होता. पण पहिले चार काळवंडलेले. तिथे कित्येक महिन्यांत बोट फिरकलेलं नाही. घुम्या, ते पहिले चार फ्रेट म्हणजे तुझं घर होतं. सगळे बेसवाले वर चढून करामती करायचे आणि तू खाली बसून एकेक सूर धरून ठेवायचास. तिथे दोन फ्रेटमधलं अंतर सर्वात जास्त असतं, बोटं सगळ्यात जास्त फाकावी लागतात. तिसरा गोल मी काढला, पण पेन्सिल जरा थांबून. बॅगेच्या खिशात एक मऊ रबरी चेंडू मिळाला. आधी वाटलं तू कुत्रा पाळलास. मग त्यावर चार बोटांचे आणि अंगठ्याचे खळगे दिसले. दाबून दाबून पडलेले.

तरीही माझं मन वाकडंच चालत होतं. मी ढोल्याला फोन केला. तुमच्या ग्रुपचा ड्रमवाला ना तो, म्हणून त्याला सगळं माहीत असणार. एरवी तो माणूस चुकीचा नंबर लागला तरी तासभर बोलतो. त्याला मी विचारलं, घुम्याचं काय चाललंय, हल्ली कार्यक्रम करता का? तो म्हणाला, ताई, ते तुम्ही त्यालाच विचारा, आणि फोन ठेवला. अर्धं मिनिटही झालं नाही. एवढं मात्र मला कळलं, की तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय.

आता ती जुनी गोष्ट. तू ती विसरला नसशीलच, पण मला ती माझ्या तोंडून एकदा सलग सांगायची आहे. अकरा वर्षांपूर्वी, बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि वर्कशॉप आपण दोघं चालवत होतो. त्या दातांच्या डॉक्टरांचा जुना बेस दुरुस्तीला आला होता. त्यांना वाजवता येत नव्हतं, पण जुनी वाद्यं जमवायचा शौक. आवाज वाढवला की त्यांच्या बेसचा, तारांखाली बसून आवाज उचलणारा पिकअप शिट्टी घालायचा, एवढीच तक्रार. शुक्रवारी संध्याकाळी तुझा कार्यक्रम होता, तुझा स्वतःचा बेस माझ्या टेबलावर उघडा होता, म्हणून तू मला न विचारता डॉक्टरांचा बेस उचलून नेलास आणि शनिवारी सकाळी आणून ठेवलास. पुढच्या आठवड्यात डॉक्टर दुसऱ्या दुकानातून तावातावाने आले. त्यांच्या बेसमधला मूळचा पिकअप गायब होता, त्या जागी कोणीतरी नव्या तांब्याच्या तारेने गुंडाळलेला बसवला होता. मूळच्या पिकअपसाठी लोक कसे जीव टाकतात हे तुला मी सांगायला नको. मी म्हटलं, उघडून दाखवा. ते म्हणाले, तुमच्या हातात आता मी स्क्रूड्रायव्हर देणार नाही.

मग मी हिशेब लावला, आणि किती सोपा होता तो. बेस वर्कशॉपच्या बाहेर गेला तो एकाच संध्याकाळी, आणि तो नेला तू. मी तुला विचारलं, पिकअप कोणाला विकलास? विचारलं म्हणजे काय, डॉक्टरांसमोर विचारलं. तू तुझ्या बेसकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणालास, मी नाही. बस. एक शब्द पुढे नाही. दुसरा कोणी असता तर आदळआपट केली असती, शपथा घातल्या असत्या. तुझ्या गप्प बसण्याचा मी कबुलीजबाब केला. दुसऱ्या दिवशी तू बेस बॅगेत घालून गेलास. नंतर मला कळलं की डॉक्टर ते चारचौघांत सांगत फिरले आणि दोन स्टुडिओंनी तुला बोलावणं बंद केलं. तेव्हाही मला वाटलं, बरं झालं. सख्ख्या भावाबद्दल मला असं वाटलं.

आता गेल्या गुरुवारवर येते. कार्डावर तीन लाल गोल काढून झाले होते. मला वाटलं, बाहेरून एवढं खोटं आहे तर आत काय असेल. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पिकअपवरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या, पिकगार्डच्या, स्क्रूकडे बघितलं. माझी खोड तुला माहीत आहे. काम झालं की स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या प्लॅस्टिकवर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका लावते, म्हणजे नंतर कोणी उघडलं तर ठिपका फुटतो आणि गिऱ्हाइकाला माझ्या नावाने ओरडता येत नाही. तुझ्या बेसवर सगळेच्या सगळे ठिपके शाबूत होते. जुने, पिवळट झालेले, पण अखंड. म्हणजे त्या शनिवारी मी दुरुस्त करून बंद केल्यानंतर तो बेस कोणीच उघडलेला नव्हता. तूही नाही.

ठिपके फोडून मी पिकगार्ड काढला. आत पिकअप, आणि त्याच्या वायरीवर माझा लाल दोरा. हा दोरा मी फक्त मी स्वतः गुंडाळलेल्या पिकअपला बांधते, ही आपल्या घरची सही. तुझा पिकअप मेला होता म्हणून मी तो त्या आठवड्यात नव्याने गुंडाळला होता, तेव्हा दोरा असणारच. तरी मी तो उलटा केला, उगाच, सवयीने. खाली पेन्सिलने लिहिलेला एक आकडा होता, पुसट, पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्यातल्या कोणाच्या तरी हाताचा. मी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची कार्डं काढली. डॉक्टरांच्या कार्डावर, उजव्या बाजूला, माझ्याच अक्षरात तोच आकडा. तुझ्या बेसमध्ये डॉक्टरांचा पिकअप होता, आणि त्याला माझ्या हाताने माझा दोरा बांधलेला होता.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. बाबांचा एक नियम होता, टेबलावर एका वेळी एकच वाद्य उघडायचं. शनिवारी मी दोन उघडली, कारण त्या संध्याकाळीही तुझा कार्यक्रम होता आणि तुला दुसऱ्याचा बेस घेऊन जावा लागू नये अशी माझी धडपड. तुझा नवा गुंडाळलेला पिकअप आणि डॉक्टरांचा शिट्टी घालणारा पिकअप, दोन्ही एकापाठोपाठ गरम मेणात बुडवून काढले. तुला माहीत आहे, मेण आत मुरलं की शिट्टी थांबते. दोन्ही सारख्या मापाचे, दोन्हींवर काळी पट्टी, दोन्ही मेणाने माखलेले. वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले, फडक्याने पुसले, आणि एक इकडे, एक तिकडे बसवून टाकला. दोरा शेवटी बांधते ना मी. तो तुझ्या बेसमधल्या पिकअपला बांधला आणि निश्चिंत झाले. खाली उलटून आकडा बघितला नाही. जगावर संशय घेणारी मी, एकदा स्वतःच्या हातावर घ्यायला विसरले.

खरं सांगते, तरीही अर्धा तास मी सुटायची वाट शोधत होते. तूच दोरा काढून दुसऱ्याला बांधला असशील, असंही मनात येऊन गेलं. पण ठिपके माझे होते, आणि ते अखंड होते. माझ्याच युक्तीने मला पकडलं.

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. त्यांना वाटलं दाढ दुखतेय, खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला. मी तोंड उघडलं ते सगळं सांगण्यासाठीच. त्यांचा बेस तिथेच भिंतीवर टांगलेला आहे, अकरा वर्षं एकाही माणसाने न वाजवलेला, पेशंटकडे बघत. मी म्हटलं, आता तरी माझ्या हातात द्या. दातांच्या हत्यारांच्या ट्रेशेजारी मी तो उघडला. आत माझी तांब्याची तार, माझे वेढे, फक्त दोरा नाही. डॉक्टर खुर्चीवरचा दिवा बंद करत म्हणाले, मी तुमच्या भावाबद्दल फार ठिकाणी बोललोय. मी म्हटलं, मग आता तितक्याच ठिकाणी पुन्हा जाऊन बोला. ते म्हणाले जाईन, आणि मला त्यांचं खरं वाटलं, जे माझं सहसा होत नाही. त्यांचा पिकअप त्यांच्या बेसमध्ये गेला. तुझा मी घेऊन आले आणि कालच बसवला. दोरा बांधून, आणि खाली उलटून बघून.

माझं चुकलं, घुम्या. पिकअपची अदलाबदल झाली ती चूक होती. ती कोणाच्याही हातून होते. पण तुझा चेहरा समोर असताना मी त्याच्याकडे न बघता हिशेब लावत बसले, ते चूक म्हणून सोडून देता येत नाही. मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. क्षमा कर.

आणि एक संशय अजून आहे, तो तुझ्या बाजूचा आहे म्हणून सांगायला हरकत नाही. तुझे कान मला ठाऊक आहेत. शनिवारच्या कार्यक्रमात पहिला सूर लावलास तेव्हाच तुला कळलं असणार की हा आवाज आपल्या बेसचा नाही. मी डॉक्टरांसमोर आरोप केला तेव्हा तू आधी बेसकडे बघितलंस, ते उगाच नव्हतं. तिथल्या तिथे म्हणाला असतास, ताई, उघडून बघ, तर वर्कशॉपचं नाव त्याच दिवशी गेलं असतं. बाबा जाऊन एक वर्ष, माझ्या पदरी सहा वर्षांची पोर. तू बोलला नाहीस. मग आता, अकरा वर्षांनी, तोच बेस तू नेमका माझ्याच पत्त्यावर पाठवलास. मी हातात आलेली प्रत्येक वस्तू उघडते हे तुला माहीत नाही? दोन गोष्टी तुला सांगायच्या होत्या आणि तुझ्याच्याने सांगवल्या नाहीत. एक पिकगार्डच्या आत होती, ती मला कळली. दुसरी बाहेर होती, त्या तारांत, फ्रेटवर आणि चेंडूवरच्या खळग्यांत.

म्हणून हे पत्र. भाचीला हा बेस देणार नाही, तिला आम्ही कालच दुसरा घेतला, चौतीस इंची, जुना, आणि या वेळी मालकाने खरं सांगितलं. तुझा बेस माझ्या टेबलावर उघडा आहे, एकटाच. शेजारी मी चांगल्या वाळलेल्या लाकडाची फळी काढून ठेवली आहे. तीस इंची नेक घडवेन, याच बेसला बसेल असा. मागून किती बारीक ठेवायचा ते मात्र तुझा डावा हात हातात घेतल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि ते माप पत्रातून पाठवता येत नाही. तेव्हा ये. येऊन मला खोटं पाड. हात टेबलावर आपट आणि म्हण, ताई, बोटांना काही झालेलं नाही, नव्या तारा म्हणून लावल्या, चेंडू शेजारच्या कुत्र्याचा आहे. आयुष्यभर माझा संशय खरा निघाला की मला बरं वाटायचं. तुझ्यावरचा पहिला खोटा निघाला. हा दुसराही खोटा निघावा म्हणून मी फळीला अजून करवत लावलेली नाही.

या वेळी हरायची वाट बघत बसलेली,
तुझीच,
ताई